सिंथ कीबोर्ड संगणकाला जोडताना: कुठली केबल, कुठल्या क्रमाने

यूएसबी केबल लॅपटॉपला लावली, सॉफ्टवेअर उघडलं, लाल बटण दाबलं आणि पाच मिनिटं जीव ओतून वाजवलं. ऐकायला बसलो तर पंख्याची घरघर, पट्ट्यांची खटखट आणि लांबून कुठूनतरी येणारा कीबोर्डचा क्षीण आवाज. रेकॉर्डिंग झालं होतं, पण लॅपटॉपच्या माइकवरून. माझं पहिलं रेकॉर्डिंग असं होतं, आणि मदत मागायला येणाऱ्या बहुतेकांचंही असंच असतं.

यात वाद्याचा दोष नसतो आणि संगणकाचाही नसतो. चुकतो तो क्रम. सगळ्या केबल एकदम लावल्या, सॉफ्टवेअरमधली दहा बटणं चालू-बंद करून पाहिली, की शेवटी कशामुळे चाललं आणि कशामुळे बंद पडलं ते कळतच नाही. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. एका टप्प्याची तपासणी पार पडल्याशिवाय पुढची केबल हातात घेऊ नका.

१. आधी ठरवा: सूचना पाठवायच्या की आवाज

कीबोर्डातून संगणकाकडे दोन वेगवेगळ्या गोष्टी जाऊ शकतात. एक म्हणजे मिडी आणि दुसरी ऑडिओ.

मिडीमध्ये आवाज नसतो. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, पेडल कधी खाली गेलं, एवढीच माहिती त्यात असते. प्रत्येक स्वराला ० ते १२७ मधला क्रमांक, जोरालाही तसाच आकडा. मिडी म्हणजे वहीत उतरवलेली स्वरलिपी, आणि ऑडिओ म्हणजे प्रत्यक्ष गायलेलं गाणं. वही कितीही वेळा उघडा, तिच्यातून सूर ऐकू येणार नाही. ती वाचून वाजवणारं कोणीतरी लागतं: संगणकातलं सॉफ्टवेअर वाद्य, नाहीतर तुमचाच सिंथ, म्हणजे स्वतः आवाज तयार करणारा कीबोर्ड.

यूएसबी केबलमधून बहुतेक कीबोर्ड फक्त मिडी पाठवतात. काही नवे कीबोर्ड त्याच केबलमधून आवाजही पाठवतात, पण ते गृहीत धरू नका. माहितीपुस्तिकेत 'यूएसबी ऑडिओ' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ती सोय आहे असं समजा.

आता स्वतःला विचारा की शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज कोणाचा हवा आहे.

संगणकातल्या पियानोचा किंवा तंतुवाद्यांचा हवा असेल, तर फक्त मिडी पुरेसं आहे. टप्पा ७ आणि ८ तुम्ही सोडून देऊ शकता.

सिंथचा स्वतःचा आवाज हवा असेल, म्हणजे ज्यासाठी तो विकत घेतला तोच, तर ऑडिओ जोडावाच लागेल. यूएसबीमधून मिडी पाठवून सिंथचा आवाज संगणकात आपोआप उमटत नाही, हे एकदा मनात पक्कं बसू द्या.

दोन्ही हवं असेल तर दोन्ही जोडा. माझं मत विचाराल तर जमत असेल तेव्हा दोन्हीच जोडावं. वाजवताना एक स्वर चुकला, तर मिडीमध्ये तेवढा स्वर दुरुस्त करून सिंथकडून पुन्हा वाजवून घेता येतो. नुसता ऑडिओ असेल तर पूर्ण ओळ परत वाजवावी लागते.

२. कीबोर्डची पाठ नीट पाहा

केबल आणायला जाण्याआधी मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. साधारणपणे खालीलपैकी काही सॉकेट दिसतील.

चौकोनी यूएसबी सॉकेट, ज्यात प्रिंटरची केबल बसते: संगणकासाठीचं सॉकेट हेच. काही नव्या वाद्यांवर त्याच्या जागी टाइप-सी असतं. चपटं यूएसबी सॉकेट मात्र पेनड्राइव्हसाठी असतं. त्यात संगणकाची केबल लावून काही होत नाही.

पाच पिनांची गोल सॉकेट: जुन्या पद्धतीचं मिडी. इन, आउट आणि कधीकधी थ्रू अशी तीन असतात. लहान सिंथवर त्यांच्या जागी हेडफोनसारखं ३.५ मिलिमीटरचं मिडी सॉकेट असतं. ते दिसायला हुबेहूब ऑडिओसारखं असल्यामुळे त्याच्या वरची अक्षरं वाचूनच प्लग लावा.

६.३५ मिलिमीटरची दोन आउटपुट सॉकेट: डावं आणि उजवं. डाव्याच्या शेजारी बहुधा 'मोनो' असंही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की फक्त तेवढं एक जोडलं तर दोन्ही बाजू एकत्र करून तिथून बाहेर पडतात. फक्त उजवं जोडलं तर मात्र अर्धाच आवाज मिळतो.

घरगुती कीबोर्डांवर कधीकधी वेगळं आउटपुट नसतंच, फक्त हेडफोनचं सॉकेट असतं. त्याने काम भागतं, फक्त केबल नीट निवडावी लागते. ते टप्पा ७ मध्ये पाहू.

'ऑक्स इन' असं लिहिलेलं सॉकेट आवाज आत घेण्यासाठी असतं. त्यातून काही बाहेर येत नाही, त्यामुळे त्याच्यात केबल लावून आवाजाची वाट पाहू नका.

३. सामान

यूएसबी केबल डेटा वाहणारी हवी. मोबाइल चार्जरसोबत येणाऱ्या काही केबलमध्ये फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात. तशा केबलने काही छोटे कीबोर्ड चालूही होतात, दिवे लागतात, पण संगणकाला काहीच दिसत नाही आणि माणूस तासभर ड्रायव्हर (संगणकाला उपकरणाशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) शोधत बसतो. केबल पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका, दोन मीटरची सगळ्यात बरी.

ऑडिओसाठी एक ऑडिओ इंटरफेस हवा, म्हणजे वाद्याचा आवाज संगणकात नेणारी आणि संगणकाचा बाहेर आणणारी छोटी पेटी, किमान दोन लाइन इनपुट असलेली. लॅपटॉपचं हेडफोन-माइकचं एकत्र सॉकेट या कामाचं नाही. ते माइकच्या बारीक सिग्नलसाठी बनवलेलं असतं आणि बहुधा मोनो असतं. सिंथचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट मोठा असतो, त्यामुळे तो फाटतो आणि स्टिरिओची एक बाजू गायब होते.

इंटरफेसकडे जाणाऱ्या दोन एकसारख्या ६.३५ मिलिमीटरच्या केबल हव्यात. ऐकायला तारेचा हेडफोन घ्या. ब्लूटूथचा हेडफोन रेकॉर्डिंगच्या वेळी बाजूला ठेवा. त्यात आवाज कानापर्यंत यायला इतका उशीर होतो की ताल धरताच येत नाही, आणि हा उशीर सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याही सेटिंगने कमी होत नाही.

सॉफ्टवेअर निवडताना एक गोष्ट तपासा: त्यात मिडी रेकॉर्ड होतं का? ऑडॅसिटी आवाजासाठी छान आहे, पण त्यात मिडी रेकॉर्ड करता येत नाही. एलएमएमएसचं याच्या बरोबर उलट: त्यात मिडी आहे, पण बाहेरचा आवाज रेकॉर्ड करायची सोय नाही. दोन्ही हवं असेल तर रीपर, आर्डोर, केकवॉक यांच्यासारखं काहीतरी घ्या. मॅक असेल तर गॅरेजबँडने सुरुवात करायला हरकत नाही.

४. संगणकाची तयारी

इंटरफेस किंवा कीबोर्ड स्वतंत्र ड्रायव्हर मागत असेल तर तो आधी टाका, संगणक पुन्हा सुरू करा आणि मगच केबल लावा. उलट क्रमाने केलं तर विंडोज स्वतःचा सामान्य ड्रायव्हर लावून मोकळं होतं आणि पुढे दोघांचं भांडण सुरू होतं. 'क्लास कंप्लायंट' असं लिहिलेलं असेल तर ड्रायव्हर लागत नाही, थेट जोडा.

विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर (कमी उशिराने आवाज पोचवणारा) असेल तर सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा. उशिराचा निम्मा त्रास तिथेच संपतो. मॅकवर ही व्यवस्था मुळातच असते.

मॅक आणि विंडोज दोन्ही हल्ली सॉफ्टवेअरला माइक वापरायची परवानगी आहे का ते पाहतात. इथे 'माइक' म्हणजे आवाज आत घेणारं कुठलंही साधन, तुमचा इंटरफेससुद्धा. पहिल्यांदा विचारल्यावर घाईत 'नको' दाबलं असेल, तर सगळी जोडणी बरोबर असूनही ट्रॅकवर शांतता रेकॉर्ड होते. सिस्टिमच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी द्या.

कीबोर्ड आणि इंटरफेस संगणकाच्या स्वतःच्या पोर्टमध्ये लावा. एका सॉकेटची चार करणारा, बाहेरून वीज न घेणारा हब निदान जोडणी पक्की होईपर्यंत तरी लांब ठेवा.

५. मिडी जोडा, आणि फक्त मिडी तपासा

सगळं बंद असताना सुरुवात करा. पेडल असेल तर ते कीबोर्ड चालू करण्याआधी लावा. पुष्कळ कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती पाहतात आणि त्या क्षणी ते सुटलेलं आहे असं धरतात. त्यामुळे चालू करताना पेडलवर पाय असेल तर नंतर सगळं उलटं होतं: पाय उचलला की स्वर लांबतात, दाबला की तुटतात. तसं झालं तर बंद करून, पाय बाजूला घेऊन पुन्हा चालू करा.

यूएसबीने जोडत असाल तर एकच केबल लागते, दोन्ही दिशांची माहिती तिच्यातून जाते. पाच पिनांच्या केबलने जोडत असाल तर नियम एवढाच की आउट नेहमी इनला. कीबोर्डचं आउट इंटरफेसच्या इनला आणि इंटरफेसचं आउट कीबोर्डच्या इनला. यूएसबीला थेट लागणाऱ्या तयार मिडी केबलच्या दोन टोकांवर 'इन' आणि 'आउट' छापलेलं असतं, त्यावर फार विश्वास ठेवू नका. काहींचा अर्थ 'हे टोक इन आहे' असा असतो, काहींचा 'हे टोक इनमध्ये लावा' असा. काही चाललं नाही तर दोन्ही टोकं आपसांत बदलून पाहा. त्याने काही जळत नाही.

३.५ मिलिमीटरच्या मिडी सॉकेटची आणखी एक मेख आहे. त्यांत ए आणि बी असे दोन प्रकार आहेत, आणि आतल्या दोन तारा एकमेकांच्या जागी असतात. २०१८ मध्ये ए हा प्रमाण ठरला, पण त्याआधीची बरीच वाद्यं बी पद्धतीची आहेत. हे सॉकेट पाच पिनांच्या केबलला जोडणारा, सोबत आलेला जोडतुकडा हरवला असेल तर नवा घेताना प्रकार पाहून घ्या.

आता कीबोर्ड चालू करा. सॉफ्टवेअर अजून उघडू नका.

तपासा: विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये, मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपच्या मिडी खिडकीत कीबोर्डचं किंवा मिडी इंटरफेसचं नाव दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर सॉफ्टवेअर उघडूनही दिसणार नाही. दुसरी केबल, दुसरं पोर्ट, मग ड्रायव्हर, या क्रमाने शोधा. केबल आधी, कारण तीच बहुधा दोषी असते.

नाव दिसलं की सॉफ्टवेअर उघडा आणि त्याच्या पसंतींमध्ये मिडी इनपुटच्या यादीत कीबोर्ड चालू करा. यादीत नाव असणं आणि ते चालू केलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ही खूण स्वतः करावी लागते. विंडोजवर आणखी एक अडचण येते: अनेक ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिडी देतात. ब्राउझरमध्ये पियानो शिकवणारं एखादं पान उघडं असेल, तर तुमच्या सॉफ्टवेअरला कीबोर्ड 'व्यस्त' दिसतो.

मग एक नवा मिडी ट्रॅक घ्या, इनपुट म्हणून कीबोर्ड आणि चॅनल 'सर्व' असा ठेवा, ट्रॅक रेकॉर्डसाठी सज्ज करा आणि त्यावर एखादं सॉफ्टवेअर वाद्य लावा.

तपासा: पट्टी दाबल्यावर ट्रॅकचा मीटर हलतो का? हलला पण आवाज आला नाही, तर मिडी बरोबर आहे आणि अडचण वाद्यात किंवा ऑडिओ आउटपुटमध्ये आहे. मीटरच हलला नाही, तर अडचण मिडीत आहे. हा एक भेद लक्षात ठेवलात तर अर्ध्याहून जास्त गोंधळ टळतो.

आता हळू, मध्यम, जोरात असे तीन स्वर वाजवून रेकॉर्ड करा आणि त्यांचे आकडे पाहा. तिन्ही एकसारखे, समजा १०० किंवा १२७, असतील तर कीबोर्डच्या स्पर्शाची सेटिंग 'फिक्स्ड'वर आहे. ती बदला, नाहीतर सगळं वादन एकसुरी होईल.

मधल्या 'सी'चा क्रमांक ६० असतो. एक सॉफ्टवेअर त्याला 'सी ३' म्हणतं, दुसरं 'सी ४'. तो बिघाड नाही, फक्त नाव ठेवण्याची पद्धत वेगळी. ट्रान्सपोजचं बटण मात्र शून्यावर आणून ठेवा. गायकाची पट्टी काळी एक म्हणून ट्रान्सपोज एकने वाढवून पांढरी एकवरून वाजवायची सवय अनेकांना असते. बऱ्याच कीबोर्डांत हा बदल मिडीतही जातो. मग महिन्याभराने तोच ट्रॅक उघडून सोबत वाजवायला बसलं की दोन्ही अर्ध्या स्वराने भांडतात आणि कारण आठवत नाही. पट्टी बदलायचीच असेल तर रेकॉर्ड झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये बदला.

६. लोकल कंट्रोल: सगळ्यात जास्त गोंधळाची जागा

लक्षण असं: सॉफ्टवेअर उघडलं की सिंथचा आवाज पातळ, पोकळ, जरा धातूसारखा होतो. किंवा प्रत्येक स्वर दोनदा वाजतो. किंवा मोठे कॉर्ड धरले की खालचे स्वर मधेच गळतात.

कारण साधं आहे. पट्टी दाबली की सिंथ एकदा स्वतःहून वाजतो. तीच सूचना यूएसबीमधून संगणकात जाते, सॉफ्टवेअर ती इमानदारीने सिंथकडे परत पाठवतं, आणि सिंथ तोच स्वर दुसऱ्यांदा वाजवतो. दोन्हींच्या मध्ये काही मिलिसेकंदांचं अंतर, म्हणून आवाज पोकळ. प्रत्येक स्वराला दोन आवाज खर्ची पडतात, म्हणून एकाच वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची संख्या निम्मी.

उपाय: कीबोर्डच्या मिडी किंवा सिस्टिम मेनूत 'लोकल' नावाची सेटिंग असते, ती बंद करा. मग पट्ट्या आणि आतलं ध्वनियंत्र यांची थेट जोडणी तुटते. पट्ट्या संगणकाशी बोलतात आणि ध्वनियंत्र संगणकाचं ऐकतं. मेनूत ती सापडत नसेल तर सॉफ्टवेअरमधून मिडी कंट्रोलर क्रमांक १२२ ला ० हे मूल्य पाठवून पुष्कळ वाद्यांत ती बंद करता येते. तेही जमत नसेल तर उलट बाजूने जा: लोकल चालू राहू द्या आणि रेकॉर्ड करताना त्या ट्रॅकचं मिडी परत पाठवणं बंद करा.

फक्त सॉफ्टवेअर वाद्य वापरत असाल तर एवढंही नको. कीबोर्डचा आवाज शून्यावर आणला की झालं.

सावध: लोकल बंद असताना सॉफ्टवेअर बंद केलं की कीबोर्ड मुका होतो. मी एकदा असाच मुका झालेला कीबोर्ड गाडीत घालून दुरुस्तीला नेला होता. तिथल्या माणसाने तो चालू केला, वाजवून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. कीबोर्ड ठणठणीत वाजत होता. अनेक वाद्यांत बंद करून चालू केलं की लोकल आपोआप पुन्हा चालू होतं, आणि मी घरी तेवढंही केलं नव्हतं.

७. आवाज जोडा

मिडीची तपासणी झाली असेल तरच इथे या.

सगळे आवाज शून्यावर आणा: कीबोर्डचा, इंटरफेसचा गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी वाढवणारा नॉब), हेडफोनचा, स्पीकरचा. चालू करताना आधी कीबोर्ड, मग इंटरफेस, स्पीकर सगळ्यात शेवटी. बंद करताना स्पीकर सगळ्यात आधी. हा क्रम उलटला की स्पीकरमधून 'धप्' असा धक्का येतो, आणि कधीतरी तो स्पीकरला महागात पडतो.

कीबोर्डच्या डाव्या आउटपुटमधून इंटरफेसच्या पहिल्या इनपुटला, उजव्यातून दुसऱ्याला. इंटरफेसवर 'लाइन' निवडा. 'इन्स्ट्रुमेंट' हे बटण इलेक्ट्रिक गिटारसाठी असतं. नाव वाचून कीबोर्डसुद्धा वाद्यच आहे की, असं वाटतं खरं, पण त्याला ते लावायचं नाही. ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं बटण बंद ठेवा. ते कंडेन्सर माइकसाठी आहे.

आता हेडफोन सॉकेटवाल्यांसाठी. इथे एक चूक इतकी होते की ती सविस्तर सांगतो. दोन्ही टोकांना स्टिरिओ प्लग असलेली एकच केबल घेऊन कीबोर्डच्या हेडफोन सॉकेटमधून इंटरफेसच्या एकाच इनपुटला लावली जाते. प्लग बसतो, आवाजही येतो, पण चमत्कारिक: मूळ सूर लांब गेलेला, नुसती घुमारी आणि बाजूबाजूची खुसखुस. कारण इंटरफेसचं इनपुट बॅलन्स्ड असतं. प्लगच्या टोकावर आणि कड्यावर येणाऱ्या दोन सिग्नलांतला फरक तेवढा ते घेतं. तुमच्या केबलमध्ये टोकावर डावी बाजू असते आणि कड्यावर उजवी. दोन्हींत जे समान आहे ते वजा होऊन जातं, आणि मुख्य सूर दोन्हींत समानच असतो.

त्यासाठी एका टोकाला स्टिरिओ प्लग आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळे मोनो प्लग असलेली वाय केबल घ्या. हेडफोन सॉकेटचा आवाज साधारण दोन तृतीयांशावर ठेवा. फार कमी ठेवला तर नंतर वाढवताना खरखर वाढते, पूर्ण ठेवला तर काही कीबोर्ड तिथेच फाटायला लागतात.

सॉफ्टवेअरमध्ये इनपुट १ आणि २ मिळून एक स्टिरिओ ऑडिओ ट्रॅक घ्या. फक्त इनपुट १ निवडलं तर डावी बाजूच येईल.

तपासा: एक सलग स्वर धरा आणि उजवी केबल काढा. सॉफ्टवेअरमधला फक्त उजवा मीटर पडला पाहिजे. परत लावा, डावी काढा, आता फक्त डावा पडला पाहिजे. दोन्ही एकदम पडले, किंवा भलताच पडला, तर केबल चुकीच्या जागी आहे. पॅच, म्हणजे सिंथवर निवडलेला आवाज, स्टिरिओ नसेल तर हा फरक कानाला कळत नाही, म्हणून मीटरकडे पाहूनच ठरवा.

८. पातळी

कीबोर्डचा मुख्य आवाज पाऊण ते पूर्ण ठेवा (हेडफोन सॉकेटवाल्यांनी टप्पा ७ प्रमाणे दोन तृतीयांशावरच) आणि बाकीचं इंटरफेसच्या गेनने साधा. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पॅच निवडा, दोन्ही हातांनी, फिल्टर (आवाजाची धार कमी-जास्त करणारा नॉब) उघडून, जितकं जोरात कधी वाजवाल तितकं वाजवा. मीटरचा सर्वांत उंच ठोका उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान असू द्या.

शून्याला शिवू देऊ नका. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काही नसतं, तिथे लाटेचा माथा सरळ कापला जातो आणि तो नंतर कुठल्याही उपायाने परत येत नाही. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवलं की पातळी थोडी कमी राहिली तरी काही बिघडत नाही, म्हणून लाल दिव्याशी खेळ करायचं कारणच उरत नाही. सॅम्पल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा) ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, जो घ्याल तो सॉफ्टवेअर आणि इंटरफेस दोन्हीकडे सारखा असावा. तो जुळला नाही तर कधी टिकटिक येते, कधी आख्खं रेकॉर्डिंग भलत्याच पट्टीत आणि भलत्याच वेगात वाजतं.

सावध: सिंथचे पॅच एकमेकांच्या तुलनेत फार कमी-जास्त असतात, आणि रेझोनन्स (फिल्टरच्या सीमेवरचे सूर उठवणारा नॉब) वाढवला की पातळी अचानक उसळते. पॅच बदललात की पातळी पुन्हा पाहा.

९. उशीर आणि दुहेरी ऐकू येणं

संगणक आवाजाचे छोटे गठ्ठे करून काम करतो. त्या गठ्ठ्याचं नाव बफर. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६ आणि १०२४ म्हणजे २३ मिलिसेकंद. आवाज आत येऊन परत बाहेर जायचा असेल तर हा हिशोब दुप्पट होतो, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ वेगळाच.

वाजवताना १२८ वर ठेवा. टिकटिक, तडतड ऐकू आली तर २५६ करा. रेकॉर्डिंग संपून मिक्सिंग सुरू झालं की १०२४ वर न्या, तेव्हा उशिराने काही अडत नाही आणि संगणकाला दम मिळतो.

सिंथचा आवाज रेकॉर्ड करताना तो संगणकातून फिरवून ऐकायची गरजच नसते. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' नावाचं बटण असतं. ते चालू केलं की आत येणारा आवाज तसाच थेट हेडफोनला मिळतो, जवळपास विनाउशीर. पण मग सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग, म्हणजे आत येणारा आवाज परत ऐकवणं, बंद केलंच पाहिजे. दोन्ही चालू ठेवलं तर एकच आवाज दोन वाटांनी येतो आणि टप्पा ६ मधलाच पोकळपणा परत येतो. सारखंच लक्षण, पण कारण वेगळं. ओळखायचं कसं? इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बंद करा. पोकळपणा गेला तर दोष इथला, नाही गेला तर लोकल कंट्रोल पाहा.

हे थेट ऐकणं सॉफ्टवेअर वाद्यांना लागू होत नाही, कारण त्यांचा आवाज संगणकातच जन्मतो. तिथे कमी बफर हाच मार्ग.

१०. गुणगुण आणि चिरचिर

न वाजवता हेडफोन लावून ऐका. जाड, सलग गुणगुण असेल तर ती घरातल्या विजेची आहे: ५० किंवा ६० हर्ट्झ आणि त्याच्या पटी. बारीक चिरचिर असेल आणि ती माउस हलवताना बदलत असेल, तर ती संगणकातून येते.

शोधायची रीत अशी. आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज गेला तर चार्जर आणि कीबोर्ड दोन वेगळ्या वाटांनी जमिनीशी जोडले गेले आहेत आणि त्या वेढ्यातून गुणगुण येते आहे. नाही गेला तर कीबोर्डची यूएसबी केबल काढून पाहा. तेव्हा गेला तर यूएसबीच्या तारेतून कचरा येतो आहे. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतल्याने बरेचदा काम होतं. नाही झालं तर कीबोर्ड आणि इंटरफेसच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला स्टिरिओ डीआय बॉक्स (सिग्नल पुढे जाऊ देऊन तो वेढा तोडणारी पेटी) लावा. किंवा यूएसबीऐवजी पाच पिनांच्या मिडी केबलने जोडा. त्या जोडणीत इन सॉकेटच्या आत सिग्नल प्रकाशाने पलीकडे पोचवला जातो, दोन यंत्रांची वीज एकमेकांना शिवत नाही. म्हणून ही जुनी केबल मी अजून टाकून दिलेली नाही.

सावध: गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढणं किंवा तिच्यावर चिकटपट्टी लावणं हा उपाय कोणीतरी नक्की सुचवेल. करू नका. ती पिन तुमचा जीव वाचवायला आहे.

११. पहिलं रेकॉर्डिंग

प्रोजेक्ट आधी नाव देऊन जतन करा. नाव न दिलेल्या प्रोजेक्टच्या फाइली तात्पुरत्या फोल्डरमध्ये पडतात आणि नंतर हरवतात. जागेचा अंदाज हवा असेल तर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण १७ एमबी. मिडी त्यापुढे नगण्य.

दोन ट्रॅक सज्ज करा: एक मिडीचा, एक ऑडिओचा. मेट्रोनोम चालू करा आणि तो फक्त हेडफोनमध्ये जातो याची खात्री करा. सुरुवातीला दोन मात्रा मोकळ्या सोडून वाजवायला लागा. अगदी पहिल्या क्षणी दाबलेला स्वर रेकॉर्ड सुरू होण्याच्या आधी पडला तर मिडीत येतच नाही.

वाजवून झाल्यावर मिडीतल्या चुका दुरुस्त करा. मग मिडी ट्रॅकचं आउटपुट सिंथकडे ठेवा, नवा ऑडिओ ट्रॅक सज्ज करा आणि हात बाजूला घेऊन रेकॉर्ड दाबा. सिंथ आपोआप वाजेल आणि दुरुस्त वादन आवाजात उतरेल. शेवटचा स्वर संपला म्हणून लगेच थांबवू नका, घुमारी पूर्ण विरू द्या.

नव्या ऑडिओची पहिली लाट मिडीतल्या पहिल्या स्वराशी ताडून पाहा. ती काही मिलिसेकंद उशिरा असेल तर ऑडिओ तेवढा आधी, म्हणजे डावीकडे, सरकवा. मात्र हे सावकाश उगवणाऱ्या आवाजावर तपासू नका, त्याची सुरुवात डोळ्यांना दिसत नाही. तोच मिडी एखाद्या टणक, तुटक पॅचवर वाजवून फरक मोजा आणि तेवढाच सगळीकडे लावा.

एखादा स्वर अडकून वाजतच राहिला तर घाबरून केबल ओढू नका. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'पॅनिक' किंवा 'सर्व स्वर बंद' अशी आज्ञा असते, ती द्या. केबल ओढली तर 'पट्टी सोडली' ही सूचना कधीच पोचत नाही आणि स्वर आणखी हट्टाने वाजत राहतो.

शेवटी पॅच सिंथच्या स्मृतीत जतन करा आणि त्याचं नाव, बँक आणि क्रमांक प्रोजेक्टच्या नोंदीत लिहा. मिडी फाइलमध्ये स्वर राहतात, तुम्ही नॉब फिरवून बनवलेला आवाज राहत नाही. सिंथला स्मृतीच नसेल तर सगळ्या नॉबचा वरून, पुरेशा उजेडात एक फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका.